लव्हबर्डचा दाणा कोल्हापुरात घेताना: खुला, पाकीटबंद आणि धान्य ओळीतला राळा

निकाल आधी, कारणं मागून. कोल्हापुरात बजी, झेब्रा फिंच किंवा कॉकटेल (तुरेवाला पोपट, कॉकाटील) यांच्यासाठी दाणा घ्यायचा असेल, तर लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारातला सालासकट राळा, तोही उन्हाळ्यात घेऊन वाळवलेला, हा पहिल्या नंबरचा. पक्ष्यांच्या दुकानातला पोत्यातला खुला मिश्र दाणा ऑक्टोबर ते मे चालतो. जून ते सप्टेंबर तो शक्यतो टाळावा. रंगीत तुकडे घातलेलं पाकीट कुठल्याच महिन्यात घेऊ नये. राळ्याची सबंध कणसं ताजी मिळाली तर सोडू नयेत. पेलेट (दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या) पौष्टिक आहेत, पण सुट्टे विकले जाणारे घ्यायचे नाहीत.

एक खुलासा. आपल्याकडे दुकानात आणि घरात ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते खरं तर बजी, म्हणजे ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, शेपूट आखूड, चोच जाड. दोघांची चोच वेगळी, म्हणून दाणाही थोडा वेगळा. इथे ‘लव्हबर्डचा दाणा’ म्हणजे बजीचा दाणा असंच धरलं आहे, कारण दुकानदारही तेच धरतो. आणि पहाडी पोपट, मुनिया असले आपले देशी पक्षी पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे त्यांच्यासाठीचा दाणा हा विषयच इथे नाही.

दाण्याची पारख करायची तर हा पक्षी मुळात कुठला आणि तिथे तो काय खातो हे डोक्यात पक्कं असावं लागतं. बजी आणि झेब्रा फिंच दोघंही ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या गवताळ मुलखातले. तिथे पाऊस येईल तेव्हा येतो. आला की गवत उगवतं, दाणा धरतं, आणि थवेच्या थवे त्या दाण्यामागे फिरतात. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, झेब्रा फिंच तर जेमतेम १२ ग्रॅमची. त्यांचं खाणं म्हणजे गवताचं बारीक बी, बरंचसं जमिनीवर पडून कडक वाळलेलं, आणि पावसानंतर काही आठवडे अर्धवट पिकलेलं, दुधाळ. पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेले, त्यानंतर हा पक्षी जगभर पिंजऱ्यात पोचला. चोच, जठर, मूत्रपिंड मात्र अजून त्या कोरड्या माळाचंच आहे.

कोरड्या प्रदेशातल्या दाणेखाऊ प्राण्यांचा सगळा हिशोब दाण्यातल्या ओलीभोवती फिरतो. अमेरिकेतल्या वाळवंटात कांगारू रॅट नावाचा उंदीर आहे. तो पाणी न पिता जगतो. नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञ जोडप्याने गेल्या शतकाच्या मध्याला त्याचा पाण्याचा जमाखर्च मांडला. दाण्यातला स्टार्च शरीरात जळला की एका ग्रॅममागे सुमारे अर्धा ग्रॅम पाणी तयार होतं, चरबी जळली तर ग्रॅममागे साधारण एक ग्रॅम. शिवाय हा उंदीर दाणे बिळात साठवतो. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते, त्यामुळे साठवलेला दाणा ओल धरतो आणि तीच ओल त्याच्या पोटात जाते. दाणे साठवणाऱ्या मुंग्यांचं याच्या उलट. पावसाने वारुळातला साठा भिजला तर त्या दाणे बाहेर काढून उन्हात पसरतात आणि वाळले की परत आत नेतात, कारण ओला दाणा मोड काढतो किंवा बुरशी धरतो.

कोल्हापूरच्या माणसाला यातली मुंगीची बाजू लागू पडते. इथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. तशा हवेत उघडं ठेवलेलं तृणधान्य हळूहळू १५-१६ टक्के ओलीपर्यंत चढतं. सुरक्षित साठवणीची मर्यादा १२ टक्क्यांच्या आसपास आहे आणि १४ च्या पुढे बुरशीला रान मोकळं. म्हणजे कोरड्या माळावरच्या पक्ष्याला आपण पंचगंगेच्या काठावरचा दमट दाणा घालतो. बजी पावसाळ्यात ‘सर्दीने’ गेला असं म्हणतात, तेव्हा आधी दाण्याचा डबा हुंगून बघावा.

पोत्यातला खुला दाणा

शहरातल्या पक्ष्यांच्या बहुतेक दुकानांत दाराशी तोंड उघडी ठेवलेली पोती असतात. मिश्रणात बाजरी जास्त, राळा त्याहून कमी, वरून थोडं सूर्यफूल, करडई, कधी भात. दुकानदार राळ्याला ‘कांग’ किंवा ‘कांगणी’ म्हणतो; वस्तू तीच. बाजरी जास्त असण्याचं कारण सरळ आहे: ती स्वस्त आणि बारमाही. बजी बाजरी खातो, पण वाटीत राळा असेपर्यंत ती मागे ठेवतो. झेब्रा फिंचच्या बारीक चोचीला टपोरी बाजरी जड जाते आणि ती बरीचशी खाली टाकते. म्हणजे स्वस्त दाण्यातला मोठा भाग पिंजऱ्याच्या तळात जातो.

घेण्याआधी पोत्याच्या वरचा दाणा बघू नका. हात कोपरापर्यंत आत घाला. आत गार, चिकट लागलं किंवा मूठ काढल्यावर दाणे तळव्याला चिकटून राहिले, तर ओल आहे. आतून गरम लागलं तर आणखी वाईट. कीड किंवा बुरशी कामाला लागल्याशिवाय धान्य आतून तापत नाही. मूठ नाकाशी धरा. चांगल्या राळ्याला वाळल्या गवताचा सौम्य वास येतो, कुबट वास म्हणजे बुरशी, खवट वास म्हणजे तेल बिघडलेलं. दाणे एकमेकांना बारीक जाळ्याने गुंफलेले दिसले तर धान्यातल्या पतंगाची अळी आहे. काळ्या लांबट लेंड्या दिसल्या तर दुकान सोडून चालू लागा. उंदराचं मूत लागलेला दाणा धुऊन-वाळवून वापरायचा विचारही करू नये.

घरी आल्यावर १०० ग्रॅम दाणा मोजून बारीक चाळणीने चाळा, मग सुपात घेऊन पाखडा. खाली पडलेली धूळ-माती, उडालेलं फोलपट, हाताने वेचलेले खडे आणि काड्या एकत्र वजन करा. किलोला १२० रुपयांनी घेतलेल्या दाण्यात १०० ग्रॅममागे १५ ग्रॅम कचरा निघाला, तर खाण्याजोगा दाणा १४१ रुपये किलोने पडला. त्यात बाजरी निम्मी असेल आणि घरात नुसत्या झेब्राच असतील, तर खरा दर आणखी वर जातो. हे एकदा केलं की ‘स्वस्त’ दाणा कुठे स्वस्त आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

पाकीटबंद मिश्रण

पाकिटाचा एकच खरा फायदा: धूळ कमी आणि उंदीर नाही. बाकी पाकीट आणि पोतं यांत वाटतो तेवढा फरक नाही, कारण पाकिटावर भरल्याची तारीख असते, दाणा कापणीला कधी आला याची नाही. कॅनरी सीडच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावं. हा बारीक, दोन्ही टोकांना निमुळता, चकचकीत पिवळसर दाणा प्रथिनाने राळ्यापेक्षा वरचढ आणि पक्ष्यांच्या आवडीचा आहे, पण जगात तो सगळ्यात जास्त पिकतो कॅनडात. तिथून बंदर, गोदाम, घाऊक व्यापारी असं करत इथपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ पाकिटावर लिहिलेला नसतो. (कॅनरीच्या सालीवर सिलिकाची अतिसूक्ष्म कुसं असतात. पाखडताना तोंडाला रुमाल बांधा, नाहीतर अंग खाजतं. पक्ष्याला त्याचा त्रास नाही, तो साल सोलून टाकतो.)

रंगीत तुकडे हा मात्र निव्वळ माणसाच्या डोळ्यासाठी केलेला प्रकार. लाल-हिरवे-पिवळे तुकडे म्हणजे पीठ, रंग आणि थोडं जीवनसत्त्व. पक्षी ते तुकडे बाजूला सारतो आणि खालचा राळा खातो, म्हणजे ज्या जीवनसत्त्वाचे पैसे दिले ते कचऱ्यात. जो खातो त्याची विष्ठा त्या रंगाची होते. विष्ठेचा रंग हा पक्ष्याच्या तब्येतीचा पहिला निरोप असतो आणि तोच पुसला जातो. पाकिटात सूर्यफूल जास्त असेल तरी नको. सूर्यफुलाच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं. माळावर दिवसाला कित्येक किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याला ते पचेल, दीड फुटाच्या पिंजऱ्यात बसलेल्या बजीच्या पोटाखाली त्याची चरबीची गाठ होते आणि यकृत सुजतं.

पाकीट घ्यायचंच असेल तर पारदर्शक घ्या आणि उजेडात धरून आतल्या बाजूला बघा. प्लास्टिकच्या आत धुकं किंवा बारीक थेंब दिसले, कोपऱ्यात दाण्याची ढेकळं दिसली, तर दाणा ओला असतानाच भरला आहे.

धान्य ओळीतला राळा

आता मुख्य मुद्दा. राळा हे आपलं जुनं धान्य. भोगीला बाजरीच्या भाकरीबरोबर राळ्याचा भात अजून कितीतरी घरांत होतो. तोच राळा जगभर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं मुख्य खाणं आहे. लक्ष्मीपुरीत घाऊक-किरकोळ धान्य घेणाऱ्यांकडे विचारलं तर तो मिळतो, पण मागताना शब्द नीट वापरावे लागतात. नुसतं ‘राळा द्या’ म्हटलं तर समोर येतात ते बहुधा सडलेले राळ्याचे तांदूळ, माणसाच्या खाण्याचे. सडलेले म्हणजे साल काढलेले. ते पक्ष्याला उपयोगाचे नाहीत. साल गेली की आतलं तेल हवेला लागतं आणि काही आठवड्यांत दाणा खवट होतो, मोड तर येतच नाहीत, आणि सोलण्याचं चोचीचं काम संपतं. ‘सालाचा राळा, न सडलेला, पक्ष्यांसाठी’ असं स्पष्ट मागा. दाणा पिवळट-सोनेरी, गुळगुळीत, बोटांत फिरवला तर निसटणारा हवा. दोन नखांत दाबला तर साल फुटून आतून पांढराशुभ्र गर यावा. दाबल्यावर नुसती पोकळ साल चेपली तर तो पोचट माल.

वरीचंही असंच. उपवासाची वरी किंवा भगर ही सडलेलीच असते. सालाची वेगळी मागावी लागते. मोठ्या पांढऱ्या दाण्याची कांग म्हणून विकला जाणारा चेना (राळ्याहून वेगळं धान्य) पक्ष्यांच्या दुकानातच मिळेल. नाचणी सगळीकडे आहे आणि तिचा इथे चांगला उपयोग होतो: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्याच तृणधान्यात नाही. अंड्यावरच्या मादीला ते लागतं.

दोन गोष्टी धान्यवाल्याला तोंडावर विचाराव्यात. एक, मालाला कीडनाशक टिकडी लावली आहे का. टिकडीच्या वायूने धुरी दिलेला माल नंतर नीट हवेशीर केला असेल तर ठीक, पण ताजी टिकडी किंवा तिची राखाडी पूड पोत्यात असेल तर तो माल घरातच नको. दोन, बोरिक पावडर चोळली आहे का. घरच्या धान्याला अनेकजण लावतात. माणूस धान्य धुऊन खातो, पक्षी धूत नाही.

तिसरी गोष्ट विचारायची नाही, टाळायचीच: कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं. लाल, गुलाबी किंवा निळसर रंगाचं ते बियाणं बुरशीनाशक-कीटकनाशक चोळलेलं असतं. पेरणी झाल्यावर उरलेली बाजरी ‘वाया कशाला’ म्हणून पक्ष्यांना टाकली जाते, चिमण्या-पारव्यांनाही. तो रंग म्हणजे विषाची खूण आहे. धुतल्याने ते जात नाही.

आणि पुराचं ध्यानात असावं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत पाणी आलं होतं. पुराच्या साली ऑगस्टनंतर काही महिने कुठलंही धान्य घेताना दाण्याचा रंग बघा. भिजून पुन्हा वाळवलेल्या राळ्याची चमक जाते, टोक काळं पडतं, उगवण मरते. भाव कमी असेल, तरी नको.

उगवणीची आणि मिठाची परीक्षा

दाणा जिवंत आहे का हे बघायला १०० दाणे मोजून ओल्या सुती फडक्यावर पसरा, गुंडाळा, ताटलीत ठेवून वर दुसरी ताटली झाका. फडकं ओलसर राहू द्या, पाण्यात बुडवू नका. चार-पाच दिवसांनी मोड आलेले मोजा. ८० च्या वर आले तर दाणा उत्तम. ६० ते ८० मध्ये चालेल, पण लवकर संपवावा. ५० च्या खाली असेल तर तो जुना, तापलेला, भिजलेला किंवा सडलेला आहे. पोट भरेल, पोषणाची खात्री नाही. ही परीक्षा राळा, कॅनरी, बाजरी यांची वेगवेगळी करा. मिश्रणात एकच जिन्नस मेलेला असतो असं बऱ्याचदा निघतं, आणि तो बहुतेक कॅनरीच असतो.

ओलीसाठी मिठाची परीक्षा. काचेची रुंद बाटली पूर्ण कोरडी करा. मीठ तव्यावर हलकं तापवून कोरडं करा आणि गार होऊ द्या. बाटलीत तिसरा हिस्सा दाणा आणि दोन-तीन मोठे चमचे मीठ घालून झाकण लावा, मिनिटभर हलवा आणि १५ मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर दाण्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. मीठ मोकळं खाली बसलं तर ओल त्याखाली आहे. पावसाळ्यात बाटली उघडी ठेवून ही परीक्षा केली तर मीठ हवेतलीच ओल घेतं आणि निकाल चुकतो. परीक्षेचा दाणा पक्ष्याला घालू नका. मीठ त्याला घातक आहे.

ओल आणि बुरशी यांच्यावर इतका भर का, तर बुरशीचं विष दिसत नाही. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की अचानक मेल्या. शोधताना कारण निघालं खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड, आणि तिच्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. हे विष उन्हाने, धुण्याने, भाजण्याने नीट जात नाही. बुरशी झटकता येते, विष दाण्यातच राहतं. म्हणून ‘ऊन दाखवलं की झालं’ हा समज चुकीचा आहे. ऊन दाखवायचं ते बुरशी येण्याआधी. पक्ष्यांच्या मिश्रणात मका आणि शेंगदाणा असेल तर धोका सगळ्यात जास्त, कारण ही बुरशी तिथे आधी बसते. दोन्ही बजीला आणि फिंचला लागतही नाहीत.

पावसाळ्याची बेगमी

मेच्या मध्याला जून ते सप्टेंबरचा दाणा एकदम घ्यावा. हिशोब सोपा. एका बजीला दिवसाला दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे आठेक ग्रॅम दाणा लागतो. सांडलवंड धरून जोडीला महिन्याला अर्धा किलो. झेब्राच्या जोडीला त्याच्या निम्मा. चार महिन्यांना बजीच्या एका जोडीचे दोन किलो झाले.

दाणा चाळून, पाखडून गच्चीवर स्वच्छ सुती कापडावर बोटभर थरात दोन दिवस कडक उन्हात पसरा, दुपारी एकदा खालवर करा, सूर्य कलायच्या आत उचला. उचलल्यावर लगेच डब्यात भरू नका. गरम दाणा बंद डब्यात घाम सोडतो, तो झाकणाखाली जमतो आणि वरचा थर बुरशी धरतो. कोरड्या उन्हाळ्यात वाळवलेला दाणा सप्टेंबरात बुरशीने गेला, तर दहातल्या नऊ वेळा चूक इथेच असते. रात्रभर घरात गार होऊ द्या आणि सकाळी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत काठोकाठ भरा. एकच मोठा डबा नको. तो रोज उघडला की रोज दमट हवा आत जाते. लहान बरणी तीन-चार आठवड्यांत संपते, बाकीच्या बंदच राहतात.

किडीची अंडी दाण्यात असतातच. भरलेली बरणी चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवली की ती मरतात. बाहेर काढल्यावर बरणी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर थंड दाण्यावर दव धरतं आणि सगळं वाळवण फुकट. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळलेला. ओला पाला घालणं म्हणजे डब्यात पाणी घालणं.

मिश्रण आणि वाटी

बजीसाठी मापाने चार भाग राळा, दोन भाग चेना किंवा सालाची वरी, दोन भाग कॅनरी, एक भाग बाजरी, अर्धा भाग नाचणी. थंडीत करडईची चिमूट चालते. झेब्रासाठी पाच भाग राळा, दोन भाग वरी, एक कॅनरी, एक नाचणी, बाजरी नको. कॉकटेलला बाजरी दुप्पट आणि थोडी करडई. किती मोठा दाणा कोण खातो हे खाणाऱ्यावर ठरतं, हे वाळवंटातही दिसतं. अॅरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ १९७७ पासून चाललेल्या प्रयोगात कांगारू रॅट आणि मुंग्या वेगवेगळ्या कुंपणांतून वगळून बघितल्या. मोठ्या बियांवर उंदरांचा हात जास्त चालतो, आणि ते गेले की मोठ्या बियांची झाडं तिथे वाढतात. पिंजऱ्यात एकाच वाटीत बजी आणि झेब्रा जेवत असतील तर मिश्रण झेब्राच्या चोचीचं करा. बजी बारीक दाणा खाईल, झेब्रा मोठा खाणार नाही.

वाटी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. राळा, वरी, कॅनरी यांची साल पक्षी वाटीतच टाकतो. दुसऱ्या दिवशी वाटी भरलेली दिसते, पण वर नुसतं फोलपट असतं आणि पक्षी उपाशी. एवढ्या लहान पक्ष्याला दोन दिवसांची उपासमारही पुरते. रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर मारून फोलपट उडवा किंवा वाटी रिकामी करून नवी भरा. फोलपटावर नवा दाणा ओतत राहिलात तर तळाशी ओलसर, घाण थर तयार होतो.

नुसता कोरडा दाणा कितीही उत्तम असला तरी अपुरा आहे, आणि हे कुठलाच दुकानदार सांगत नाही. कुठल्याही दाण्यात अ जीवनसत्त्व नसल्यासारखं, नाचणी सोडली तर कॅल्शियम कमी आणि आयोडिन नगण्य. दाण्यावरच ठेवलेल्या बजीला आयोडिनअभावी गलगंड होतो. श्वासाबरोबर टिकटिक आवाज येतो, खाल्लेलं उलटतं. आयोडिनचा ठोकळा आणि समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) पिंजऱ्यात कायम असावा. समुद्रफेस पक्ष्यांच्या दुकानापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानात सहसा स्वस्त मिळतो. वस्तू तीच, फक्त रंग-सुगंध न लावलेला बघून घ्या. हिरवं म्हणून कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला धुऊन, निथळून द्यावा. पालक कधीतरीच, तो कॅल्शियम अडवतो.

रानात अर्धपिक्या बियांचं जे काम ते इथे मोडाच्या दाण्याने होतं. राळा आठ तास भिजवा, तीनदा धुवा, फडक्यात बांधून निथळत ठेवा, सहा-सात तासांनी पुन्हा धुवा. साधारण २४ तासांत पांढरं टोक दिसतं, तेव्हाच द्या. लांब मोड नको. जोडीला एक छोटा चमचा. पावसाळ्यात दोन तासांत उरलेलं उचला, आंबूस वास आला तर सगळंच टाका. झेब्राला मोडाचा दाणा रोज सुरू केला की ती अंड्यावर बसायच्या तयारीला लागते, कारण तिच्या मुलखात हिरवा दाणा म्हणजे पाऊस झाल्याची खूण. पिल्लं नको असतील तर आठवड्यातून दोनदाच द्या.

पेलेटबद्दल थोडक्यात: सीलबंद, ताज्या तारखेचं पाकीट असेल तर बजीला हळूहळू लावावं, दाण्यात दहावा हिस्सा मिसळून सुरुवात आणि दोन-तीन महिन्यांत वाढवत. दाणा एकदम बंद केला तर पक्षी पेलेटला अन्न समजतच नाही आणि उपाशी मरतो. मोठी पिशवी फोडून सुट्टे विकलेले पेलेट घेऊ नयेत, त्यातली जीवनसत्त्वं हवेने उडालेली असतात. फिंच सहसा पेलेट स्वीकारत नाहीत.

राळ्याची कणसं सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी येतात. कणीस हातात धरून देठाजवळचा जाड भाग उघडून बघा, बुरशी तिथेच आधी दडते. फिरवल्यावर दाणे आपोआप गळत असतील तर जुनं, थोडे ओढावे लागत असतील तर ताजं. एखादा राळा पेरणारा शेतकरी ओळखीचा असेल तर फवारणी न केलेली अर्धहिरवी कणसं मागून घ्या. रानात हा पक्षी जे खातो त्याच्या सगळ्यात जवळचं खाणं तेच.

झेब्रा फिंच आणि बजी प्रयोगशाळेत नुसत्या कोरड्या दाण्यावर, पाण्याशिवाय कित्येक दिवस तगलेले आहेत. त्यावरून ‘यांना पाणी कमी लागतं’ असा अर्थ काढून पाण्याची वाटी दिवसआड भरणारे लोक आहेत. तगणं आणि नीट जगणं वेगळं. रानातही हे थवे पाणवठ्याला धरूनच राहतात. पाणी रोज सकाळी बदला, उन्हाळ्यात दुपारी पुन्हा, आणि वाटी दाण्याच्या वाटीपासून लांब ठेवा. पंखांनी उडालेलं पाणी दाण्यात पडलं की मेमध्ये वाळवलेल्या राळ्यालाही दुसऱ्या दिवशी वास येतो.